भेटीचे गणित

दोन प्रवासी एकमेकांच्या दिशेने निघतात; ते केव्हा व कोठे भेटतील? शाळेत बीजगणित शिकलेल्या प्रत्येकास हा प्रश्न ओळखीचा आहे. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्याचे नाकाडोंगरी घ्या. तेथून एक जण सकाळी ६ वाजता तुमसरकडे पायी निघाला, ताशी ४ किलोमीटर. त्याच वेळी तुमसरहून दुसरा सायकलने निघाला, ताशी ११. अंतर ३० किलोमीटर मानू. क्ष तासांनी भेट होईल, तर ४क्ष + ११क्ष = ३०; म्हणून क्ष = २. आठ वाजता, नाकाडोंगरीपासून ८ किलोमीटरवर. अंतराला वेगांच्या बेरजेने भागावे, ही रीत आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’च्या गणितपादात ग्रहांसाठी सांगून ठेवली आहे.

आम्ही थबकतो ते ८ आणि २२ या आकड्यांपाशी. दोघे सारखाच वेळ चालले. अंतर मात्र सारखे नाही. भावाभावांत बांधावरून अबोला धरला गेला, की मध्यस्थ म्हणतो, “दोघांनी अर्धे अर्धे यावे.” ऐकावयास हे न्याय्य वाटते. पण ज्याला घाव बसला त्याचे पाऊल जड असते. त्याच्याकडूनही १५ किलोमीटरच मागणे हा न्याय की हिशेबाचा हट्ट? समीकरण अर्ध्या वाटेची अट घालीतच नाही. पायी जाणारा जागचा हलला नाही, तरी सायकलवाला पावणेतीन तासांत त्याच्या दारी पोहोचतो. दोघेही “आधी त्याने यावे” म्हणून बसले, तर मात्र भागाकारात खाली शून्य येते, आणि शून्याने भागता येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:२३-२४) अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगितले आहे. तेथे निघावयाचे ते ज्याला आठवण झाली त्याने. मग अन्याय सोसलेल्याने घरीच बसावे काय? तसा त्याला हक्क आहे, असे आम्हांस वाटते. त्याच्यावर चालण्याची सक्ती कोणी करू नये. परंतु उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५:२०) मुलगा अजून दूर असतानाच बाप धावत सुटतो. घाव तर बापालाच बसला होता. ते धावणे कोणी त्याच्याकडून मागितले नव्हते, आणि मागता आलेही नसते.

त्याच दाखल्यात थोरला मुलगा रागाने घराबाहेर उभा राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येऊन विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.