शंख पिवळा की डोळा?

एकाच पानावरचं पॉप-अप एका ब्राउझरमध्ये नीट उघडतं आणि दुसऱ्यात अर्धं झाकलं जातं, तेव्हा विश्वास कुणावर ठेवायचा? आपल्या प्रमाणशास्त्रात हा वाद फार जुना आहे. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो. मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. साधनातला दोष उघड होईपर्यंत किंवा त्याला बाध आणणारं दुसरं ज्ञान होईपर्यंत ते खरं मानायचं. न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक म्हणतात, खरेपणा बाहेरून तपासावा लागतो. ब्राउझरच्या बाबतीत मला नैयायिक पटतात, कारण इथे निरोगी डोळा कुठला हेच आधी ठाऊक नसतं. बहुमतही कामाचं नाही. आयफोनवर क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी एकमुखाने साक्ष देतात खरे, पण बहुतेक देशांत त्या तिघांच्या आत वेबकिट हे एकच इंजिन असतं. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात छातीच्या एक्स-रेवर सावली दिसली, तर आणखी दोन एक्स-रे काढून निदान पक्कं होत नाही. बरा झालेला जुना व्रणही सावली पाडतो. म्हणून थुंकीत जंतू आहेत का ते बघतात. साक्ष वेगळ्या वाटेने आलेली हवी.

यावर कुणी म्हणेल, वेबची लिखित मानकं आहेत, तीच इथली श्रुती. तिच्याविरुद्ध जाईल तो ब्राउझर चुकला. पण ही श्रुती अपौरुषेय नाही. मानकानुसार चौकटीची रुंदी म्हणजे फक्त मजकुराची रुंदी. जुना इंटरनेट एक्सप्लोरर तिच्यात आतली मोकळी जागा आणि कडाही धरायचा, त्यामुळे तिथे पॉप-अप अरुंद दिसायचं. त्याला नावं ठेवून झाली, आणि पुढे ‘बॉर्डर-बॉक्स’ या नावाने तीच मोजणी मानकात आली. आज पान रचणारे बहुतेक जण ती मुद्दाम निवडतात! करार कुणी मोडला एवढं मानक सांगू शकतं. कुणाचं मोजणं शहाणपणाचं, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

दुसरा आक्षेप खुद्द नैयायिकांच्याच घरातला आहे: तहान भागली की पाणी खरं ठरलं. पॉप-अप वर आलं, बटण दाबता आलं, मग कारण कशाला शोधायचं? इथे बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ श्रीहर्ष आडवा येतो. मिटल्या मुठीत पाच कवड्या आहेत असं कुणी ठोकून दिलं आणि त्या पाचच निघाल्या, तर त्याला ते माहीत होतं असं म्हणायचं का? पॉप-अप खाली दडलं की ‘झेड-इंडेक्स’ला, म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे ठरवणाऱ्या आकड्याला, ९९९९९ लावणं ही तीच मूठ. तो आकडा आपापल्या थरातच मोजला जातो. बाहेरची चौकटच खालच्या थरात असेल तर कितीही वाढवा, फरक नाही. २००१ च्या एक्सप्लोरर ६ मध्ये पर्यायांची यादी कुठल्याही आकड्याला न जुमानता पॉप-अपच्या वर डोकावायची, कारण ती स्वतंत्र खिडकी म्हणून रंगवली जायची. हे ज्यांनी ओळखलं त्यांनी ती यादी झाकायला पॉप-अपखाली एक रिकामी ‘आयफ्रेम’, म्हणजे पानातलं पान, सरकवली. २००६ च्या सातव्या आवृत्तीत तो दोष गेला, तेव्हा ती काढून टाकता येईल हेही त्यांना कळत होतं. ९९९९९ लावणाऱ्याला मात्र तो आकडा काढायची आजही भीती वाटते.