पाव पैशाचा हिशेब

माझ्या आजोबांचे डहाणूस किराणा मालाचे लहानसे दुकान होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी गल्ल्याशेजारी एक तक्ता लावला होता: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, चार आणे म्हणजे पंचवीस. वास्तविक आण्याचे सव्वासहा पैसे व्हायचे. परंतु पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून तेवढे सोडून द्यायचे. पावली घेऊन येणाऱ्याचे यात काहीच जात नसे. आण्याआण्याचे मीठमिरची नेणाऱ्या वारली बायांचा मात्र दर खेपेस पाव पैसा जाई. "चार खेपांत तिचा एक पैसा आपल्या गल्ल्यात येतो, आणि तो आपण कमावलेला नसतो," असे आजोबा म्हणत, आणि चौथ्या खेपेस पुडीत मूठभर मीठ जास्त घालीत. मला ती त्यांची एक लकब वाटे. तिचा अर्थ कळायला २०२४ साल उजाडावे लागले.

मी वेबपाने रचण्याचा धंदा करतो. आपण लिहिलेले पान वाचकापुढे मांडण्याचे काम ब्राउझर करतो. पण ब्राउझर अनेक आहेत, आणि नवी विद्या प्रत्येक जण आपापल्या सवडीने शिकतो. एखाद्या चौकटीच्या पोटात काय आहे ते पाहून त्या चौकटीचे रूप बदलावे, अशी एक सोय आम्हां लोकांना कित्येक वर्षे हवी होती. 'हॅझ' हे तिचे नाव. मार्च २०२२ मध्ये ती सफारीत आली, ऑगस्टमध्ये क्रोमने घेतली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्सने घेतल्यावर प्रमुख ब्राउझरांचे वर्तुळ पुरे झाले. अशा वेळी ती सोय 'बेसलाइन'मध्ये आली असे आमच्यात म्हणतात. आणि त्यानंतर तीस महिने लोटले म्हणजे ती सर्वदूर पोचली असे धरतात. मला तेवढा धीर निघाला नाही.

जून २०२४ मध्ये तलासरीकडच्या एका वसतिगृहाचा प्रवेशअर्ज मी रचून दिला. 'वरील मजकूर खरा आहे' या चौकोनात खूण केली की 'पाठवा' हे बटण प्रकट व्हावे, एरवी झाकलेले राहावे, अशी योजना मी 'हॅझ'च्या साहाय्याने केली. शंभरांतल्या नव्वदांहून अधिक लोकांकडे ही सोय पोचल्याचे आकडे सांगत होते. पंचवीस ओळींचे काम दोन ओळींत झाले, याचा मला अभिमानही वाटला.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एस. टी.ने तलासरीस गेलो. वसतिगृहाच्या पायरीवर एक मुलगी आईजवळ बसली होती. हातात काचेला तडा गेलेला फोन. त्यात जागाच उरलेली नसल्यामुळे ब्राउझर दोन वर्षांत नवा झालेला नव्हता. "सर, खूण केली तरी बटण येतच नाही," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल." तीन दिवस ती तोच अर्ज पुन्हा पुन्हा भरत होती. आईने चिकूच्या वाडीतला रोज बुडवला होता. चूक कोणाची हे मला एका दृष्टिक्षेपात कळले.

गृहपालांनी तिचा अर्ज कागदावर घेतला आणि तिचे काम झाले. पण ती आली म्हणून झाले. 'आपलेच चुकले' असे समजून ज्यांनी पाड्यावरच फोन खाली ठेवला, त्यांना मी कोणत्या टक्क्यात मोजणार? किती आले, हे आकडे सांगतात. दारावरून परत गेलेल्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

मग नवे काही वापरूच नये काय? तसे मला वाटत नाही. या शतकाच्या आरंभी मराठी वृत्तपत्रे आपापल्या फाँटांत निघत. तो फाँट उतरवून घेतला नाही, तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती सर्वांच्या पडद्यावर नीट उमटायला पुढची कित्येक वर्षे गेली. सर्वांसाठी थांबलो असतो, तर मराठी अजून त्याच खुणांत अडकली असती. नेटवर्क गेले तरी पान उघडे ठेवणारी सोयही अलीकडचीच आहे, आणि तिचा उपयोग मुंबईपेक्षा तलासरीच्या पाड्यांना अधिक आहे.

तेव्हा प्रश्न नव्याजुन्याचा नाही. नव्यामुळे वाचते कोणाचे आणि जाते कोणाचे, हा आहे. नाणी बदलणाऱ्या सरकारने जुने नाणेही काही वर्षे चालू ठेवले होते. जुना फोन बदलायचा तो मात्र त्या आईच्या रोजातून. लग्नपत्रिकेच्या पानावरची एखादी वेलबुट्टी कोणाला दिसली नाही तर काही बिघडत नाही. शाळेच्या दाराची कडी दिसली नाही तर वर्ष जाते. म्हणून किती जणांकडे सोय आहे, एवढे विचारून भागत नाही. ज्याच्याकडे ती नाही त्याच्या हाती काय उरते, हेही विचारले पाहिजे.

हे उत्तर अवघडही नव्हते. जो ब्राउझर ही सोय जाणतो त्यानेच बटण झाकावे, इतरांना ते उघडे दिसावे, एवढी अट घालायची होती. त्या रात्री डहाणूस परतल्यावर ती घालायला मला पाव तास लागला. तो पाव तास मी आधी वाचवला होता, आणि त्यापायी तिचे तीन दिवस गेले होते.

आजोबांच्या गल्ल्याचा खण अजून आमच्या घरी आहे. लक्ष्मीपूजनाला आम्ही वहीबरोबर तोही पुसून मांडतो. हल्ली त्यात मी एक जुना फोन ठेवला आहे. कोणतेही पान पुरे झाले, की ते आधी त्याच्यावर उघडून पाहतो.