पहिलं बरं की दुसरं?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत जागा अरुंद, आणि डोळे तपासायचा तक्ता नियमाने सहा मीटरवर, म्हणजे वीस फुटांवर हवा. एवढी लांबी आणायची कुठून? त्यावर चष्मेवाल्यांचा एक जुना तोडगा आहे. तक्ता पेशंटच्या पाठीमागे, डोक्याच्या वर लावायचा, त्यावरची अक्षरं उलटी छापलेली घ्यायची आणि समोर तीन मीटरवर आरसा टांगायचा. खुर्चीतला माणूस आरशात बघतो. दहा फुटांची खोली वीस फुटांची होते, उलटी अक्षरं सुलट होतात. नाकावर जड ट्रायल फ्रेम चढते, तिच्या खाचेत एक काच बसते, ती निघते, दुसरी बसते. मग अंधारातून प्रश्न येतो : "पहिलं बरं की दुसरं?"

हा प्रश्न साधा नाही. आता कॉम्प्युटरवर डोळे तपासतात. हनुवटी टेकवली की यंत्र काही सेकंदांत नंबर छापून देतं. तरीही तो कागद हातात असताना माणसाला विचारावंच लागतं. यंत्र बुबुळाची वक्रता सांगेल, उजेड पडद्यावर कुठे एकवटतो तेही सांगेल. पण दिसलं की नाही, हे ज्याला दिसतं त्यानेच सांगायचं. खुर्चीत बसलेला बोलतो तेव्हा डोळा बोलत नसतो. डोळ्याबद्दल दुसरंच कुणीतरी साक्ष देत असतं.

'दृग्दृश्यविवेक' नावाचा वेदान्ताचा एक छोटा ग्रंथ आहे. कुणी तो शंकराचार्यांचा म्हणतात, कुणी चौदाव्या शतकातल्या भारतीतीर्थांचा. त्याची सुरुवातच जणू तपासणीच्या खोलीत होते. रूप हे दृश्य, डोळा हा बघणारा. पण डोळा आंधळा आहे, मंद आहे की तेज आहे, हे कळतं मनाला. म्हणजे मनापुढे डोळाही दृश्यच झाला. पुढे मनही दृश्य ठरतं आणि उरतो तो साक्षी. "हल्ली अंधुक दिसतं हो" असं सांगणारी बाई नकळत हेच सांगत असते की अंधुकपणा तिला स्वच्छ दिसतो आहे. अंधुकपणा डोळ्याचा, तो जाणणारी ती अंधुक नव्हे.

आपल्या दर्शनकारांनी डोळ्याच्या रुग्णाला फार मोलाचं काम दिलं. भ्रम म्हणजे काय हे सांगताना शंकराचार्यांच्या अध्यासभाष्यात शिंपल्याचं रुपं येतं आणि लगेच एका चंद्राचे दोन चंद्र येतात. बौद्ध विज्ञानवादी वसुबंधू तिमिररोग्याला साक्षीला बोलावतो : त्याला नसलेले केस दिसतात, तसं हे जग. आज अशी तक्रार आली तर चष्मेवाला आधी तिरकस नंबर किंवा मोतीबिंदू शोधेल, कारण दोन्हींमुळे एकाच डोळ्याने एका वस्तूच्या दोन छाया दिसू शकतात. दार्शनिकाला मात्र त्या रुग्णाकडून एक कबुली हवी होती : दिसतं तसं असतंच असं नाही.

कबुली घेतली, पण रुग्णाचं पुढे काय? प्रश्न खरा इथे आहे, आणि तो घराघरांत रोज उभा राहतो. साठी उलटलेली आई म्हणते, दिसत नाही. घरचे म्हणतात, "आता काय वाचायचंय तुला? नाम घे, आतल्या डोळ्यांनी बघ." बोलणाऱ्याला वाटतं, आपण अध्यात्म सांगतो आहोत. ते अध्यात्म नव्हे, हयगय आहे. डोळा हा खरा बघणारा नव्हे, एवढंच शास्त्र सांगतं. म्हणून दुसऱ्याचा डोळा मंद राहिला तरी चालेल, असं ते कुठेही सांगत नाही. 'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' हेही तसंच. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत तो पिकायची वाट बघावी लागे. आता कामात अडचण येऊ लागली की काढता येतो. भारताने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 मध्ये सुरू केला, तरी चुलीपाशी बसलेल्या म्हातारीची पाळी अजून सगळ्यांच्या शेवटी येते.

सोलापुरात या प्रश्नाला घरचंच उत्तर आहे. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, आणि त्यांची ओळखच तलावाने होते. परंपरा सांगते की ते तळं खोदून घेण्यात गढलेले असताना संत अल्लमप्रभू आले आणि बाहेरच्या कामात गुंतलेल्या योग्याला आतल्या बाजूला वळवू लागले. सिद्धराम त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेले, बसवण्णांच्या शरणांच्या मेळ्यात बसले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंग घेतलं. पण तळं बुजवलं गेलं नाही. ते आजही शहराच्या मधोमध आहे. आत वळणं आणि माणसांसाठी पाणी साठवणं या दोन गोष्टी सोलापूरकरांनी एकमेकींविरुद्ध कधी उभ्या केल्याच नाहीत.

इष्टलिंगाची पूजा पाहिली की हा विषय अगदी तळहातावर येतो. डाव्या हातावर लिंग घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि त्या काळ्या, तुकतुकीत लिंगावर नजर ठेवायची. हात आणि डोळे यांच्यातलं अंतर साधारण पुस्तक वाचताना असतं तेवढंच. नेमक्या त्याच अंतरावर चाळिशी माणसाला गाठते. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, फुगून जवळचं नीट दाखवायची त्याची ताकद ओसरते. चाळिशीत साधारण एक नंबर लागतो, साठीपर्यंत दोन-अडीचवर जातो. दीक्षा लहानपणी झालेली, तेच लिंग, तोच तळहात, आणि एके सकाळी लिंगावरच्या उजेडाच्या ठिपक्याची कड विरघळलेली दिसते. भक्त हात थोडा लांब नेतो. पुढच्या वर्षी आणखी थोडा. शेवटी जवळच्या नंबरचा चष्मा येतो आणि हात पुन्हा आपल्या जागी येतो. मराठीने या चष्म्याला नावही वयाचंच दिलं : चाळिशी. लाज नाही, दोष नाही, फक्त वयाची नोंद.

चष्मा आणि देव यांचं नातं आणखी एका ठिकाणी लक्षात येतं. देवळात चपला बाहेर राहतात, चष्मा आत जातो. पण पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवताना तोही काढून मुठीत धरावा लागतो. तासन्तास रांगेत उभं राहून माणूस देवाच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हा जाड भिंगवाल्याला देवाचं तोंड धूसर होतं, आणि कपाळाला पाय लागतात. त्या क्षणी दर्शन झालं नाही, असं कुठलाही वारकरी म्हणणार नाही. तोच वारकरी चार पावलं पुढे सरकून चष्मा चढवतो आणि मान वळवून पुन्हा बघतो. दोन्ही खरं.

ज्ञानेश्वरी पुरी झाली शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. तिच्या पहिल्या अध्यायात गुरुकृपेला अंजनाची उपमा आहे : डोळ्यांना अंजन मिळालं की नजर उमलते आणि पुरलेलं धन दिसतं. इकडे नेवाशाला हे सांगितलं जात होतं त्याच सुमारास तिकडे इटलीत कुणीतरी दोन भिंगं खिळ्याने जोडून नाकावर ठेवत होतं. जोर्दानो दा रिव्हाल्तो या धर्मोपदेशकाने 1306 साली फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात म्हटलं होतं की चष्मे करायची कला निघून अजून वीस वर्षंही झाली नाहीत. बहुतेक अनामिक राहिलेल्या त्या कारागिराचं कौतुक देवळात झालं, हे फार चांगलं झालं.

आपल्याकडेही चष्मा पंडितांच्या नाकावर लवकर चढला. द्वैतमताचे मोठे आचार्य व्यासतीर्थ विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातले. सोमनाथ कवीच्या संस्कृत चरित्रात ते पोथी वाचायला भिंग वापरतात असा उल्लेख आहे, आणि अभ्यासकांनी तो चष्म्याचा म्हणून नोंदवला आहे. अद्वैताचं खंडन करणारा, जग खरं आहे असं ठासून सांगणारा हा आचार्य. अक्षरं पुसट दिसू लागली तेव्हा त्यांनी पोथी खोटी म्हटली नाही आणि डोळ्यांवरही रुसले नाहीत. भिंग घेतलं आणि वाद पुढे चालवला.

आणि ज्यांच्यासाठी कुठलंच भिंग नव्हतं? अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज, जन्म 1881. तान्हेपणीच दृष्टी गेली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घेत, ऐकलेलं मनात धरत आणि सांगून लिहवून घेत. 1915 मध्ये गेले तेव्हा अवघ्या चौतिशीत होते, आणि मागे शंभरावर लहानमोठे ग्रंथ होते. 'आतल्या डोळ्यांनी बघ' असं म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर या माणसाला. पण त्या ग्रंथांमागे वाचून दाखवणाऱ्यांचे आणि लिहून घेणाऱ्यांचे डोळस हात होते, हेही विसरून चालणार नाही.

सोलापूर हे हातांच्या कामाचं गाव. मागावर तुटलेला धागा शोधून गाठ मारणं, तेंदूच्या पानात तंबाखू भरून विडी वळणं, सुईत दोरा ओवणं, सगळं हातभर अंतरावरचं. अशाच कामासाठी आसामच्या चहामळ्यात चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन केलेला अभ्यास 2018 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. चष्मा मिळालेल्यांचं पानं खुडण्याचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे बावीस टक्क्यांनी जास्त वाढलं. बसवण्णांच्या परंपरेत कष्टालाच कैलास मानतात. त्या हिशेबाने विडी वळणाऱ्या बाईची चाळिशी हीसुद्धा पूजेचंच साहित्य ठरते.

आरशाच्या खोलीत तपासणी संपत आलेली असते. शेवटी एक छोटी दांडीची काच ट्रायल फ्रेमसमोर धरली जाते आणि उलटसुलट फिरवली जाते. तिरकस नंबर बरोबर बसला की नाही हे त्यावरून कळतं. "आता? की आता?" बाई आरशातल्या अक्षरांकडे बघत राहते. आधी एक बाजू बरी वाटत होती, मग दुसरी. काच पुन्हा फिरते. बऱ्याच वेळाने, थोडं घाबरत, आपण चुकलो की काय अशा आवाजात ती म्हणते, "दोन्ही सारखंच दिसतंय हो." तपासणाऱ्याला हेच उत्तर हवं असतं. तो काच खाली ठेवतो आणि नंबर लिहून घेतो.