चांगला राजाही पुरेसा नसतो

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात हुकूम काढला आणि रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. हे पाऊल उचलायला छाती लागत होती, आणि महाराष्ट्राने त्याबद्दल कितीही कृतज्ञ राहावे, ते थोडेच. तरीही प्रजासत्ताक मानणाऱ्याने एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. गादीवर दुसरा कोणी असता, किंवा महाराजांचेच मन फिरले असते, तर त्या ५० टक्क्यांचे काय झाले असते? ज्या सहीने हुकूम आला, त्याच सहीने तो मागे घेता आला असता, आणि त्याविरुद्ध दाद मागायला कोणतेही दार नव्हते.

प्रजासत्ताकवादाचा गाभा या प्रश्नात आहे. राजा नसणे एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर फार थोडे हाती लागते. क्वेंटिन स्किनर आणि फिलिप पेटिट या अभ्यासकांनी रोमन परंपरेतला जुना विचार आपल्या काळात नव्याने मांडला. मालकाने कधीही चाबूक उगारला नाही, तरी गुलाम गुलामच राहतो. कारण चाबूक उगारायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर असते. असा माणूस मालकाचा चेहरा बघून दिवस काढतो आणि तोंडाशी आलेला शब्द गिळतो. त्याला कोणी छळत नसेल. पण तो स्वतंत्रही नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे नेमके ठाऊक होते. १९२० च्या माणगाव परिषदेत याच शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजाला, तुम्हाला तुमचा नेता मिळाला, असे सांगितले होते. राजाचा इतका स्नेह लाभलेल्या बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले, की थोर पुरुषाचे ऋण मानावे, पण त्याच्या पायाशी स्वातंत्र्य वाहू नये. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते.

पुढे राखीव जागांना संविधानाचा आधार मिळाला. १९५१ मध्ये मद्रासमधील महाविद्यालयीन प्रवेशांचे जातवार वाटप सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून शिक्षणात मागास वर्गांसाठी खास तरतूद करण्याची वाट मोकळी केली. त्यावर कडाडून वाद झाला. पण जे झाले ते उघडपणे, कारणे देऊन झाले. विरोधकालाही कोर्टाची पायरी चढता आली. संस्थानात यातले काहीच शक्य नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की भुकेल्याला भाकरीशी मतलब. ती कोणाच्या हातून आली याच्याशी त्याला काय करायचे? भूक खरीच आहे. पण मर्जीने मिळालेली भाकर मर्जी फिरली की थांबते, म्हणून ती खाणारा मान वर करून बोलू शकत नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. त्याने मजुराला काम मागण्याचा हक्क दिला: अर्ज करायचा, तारखेची पोच घ्यायची, आणि १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागायचा. अंमलबजावणीत खोट राहिली, पैसे खाल्ले गेले, हे सगळे मान्य. तरीही हातात पोच असलेली बाई तहसीलदारापुढे याचना करत नाही, ती जाब विचारते. खैरात आणि हक्क यांतला फरक तो हाच.

आज सरकारी योजनेवर नेत्याचा फोटो असतो आणि रस्ता झाला की आभाराचे फलक लागतात. दवाखान्यात खाट मिळवायलाही आमदाराची चिठ्ठी शोधावी लागते. पैसा जनतेचा, उपकार मात्र साहेबांचे. या सवयीने आपण निवडून दिलेल्या माणसांनाच पुन्हा संस्थानिक करतो आहोत, आणि त्यांतला एखादा दयाळू निघाला म्हणून समाधान मानणे ही आपलीच फसवणूक आहे. आपले प्रजासत्ताक किती खरे, हे जोखायचे तर गावातल्या सर्वांत गरीब माणसाकडे पाहावे. ग्रामसभेत सरपंचाला तोंडावर विरोध करूनही दुसऱ्या दिवशी त्याच्या घरकुलाचा हप्ता अडत नसेल, तरच तो माणूस नागरिक झाला.