रुग्णापासून सत्य लपवावे काय?



ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी घरे शिंदेशाहीपासून नांदत आहेत. तेथे मांढरे की माता देवालयाजवळच्या टेकडीवर कॅन्सरचे रुग्णालय आहे. लोक त्या टेकडीला कॅन्सर पहाडी म्हणतात. रुग्णालय ग्वाल्हेरचे असो, मुंबईचे असो वा सोलापूरचे, एक प्रसंग सर्वत्र घडतो. तपासणी झाली की मुलगा वडिलांना बाकावर बसवून एकटाच पुन्हा आत जातो आणि हात जोडून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बाबांना काही सांगू नका. ते खचतील."

या विनंतीमागे प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु महात्मा बसवण्णांनी वाणीला एक कसोटी लावली आहे : लिंगाला मान्य होईल असेच बोलावे. ज्याच्या तळहातावर इष्टलिंग विराजमान होते, त्याच्याच आयुष्याची गोष्ट त्याला वगळून दाराआड ठरवावी, हे लिंगाला मान्य होईल काय?

शिवाय, लपवलेले लपत नाही. रुग्ण आपले चेहरे वाचतो. सून डोळे पुसून खोलीत येते, हे त्याला दिसते. मग आपल्याला दुःख नको म्हणून तोही गप्प राहतो. घरात सर्वांना सर्व ठाऊक असते आणि ज्याला बोलायचे असते तोच एकटा पडतो.

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरांनी आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. २००० साली अमेरिका-कॅनडातील तज्ज्ञांनी अशा बोलण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : निवांत जागा पाहावी, रुग्णाला काय समजले आहे ते विचारावे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारावे, मग सोप्या शब्दांत सांगावे, त्याच्या मनाला आधार द्यावा आणि शेवटी पुढची योजना ठरवावी. यातील तिसरी पायरी आपण नीट ध्यानी घ्यावी. "मला नको, मुलाला सांगा," असे रुग्ण म्हणाला तर तोही त्याचा अधिकार आहे. मात्र ते त्याने म्हणायचे, आपण त्याच्या वतीने नव्हे.

"किती दिवस?" या प्रश्नाला तारखेचे उत्तर नसते. डॉक्टर सांगतात तो आकडा बहुधा अनेक रुग्णांवरून काढलेला मध्य असतो. निम्मे त्याहून अधिक जगतात, निम्मे कमी. म्हणून जाणता डॉक्टर "वर्षे नव्हे, महिने" एवढेच म्हणतो. "आता काही उरले नाही," असेही तो म्हणत नाही. कारण रोग हटला नाही तरी वेदना हटवता येते, सोबत देता येते.

शरण परंपरेने मरणाला महानवमी मानले, लिंगैक्य म्हटले. सणाची वार्ता सणाच्या धन्यालाच नसावी काय? त्याला देणे फेडायचे असेल, भावाशी अबोला सोडायचा असेल, हातातले कायक मुलाकडे सोपवायचे असेल, शुद्धीत असताना शेवटची लिंगपूजा करायची असेल. आपण मौन धरले तर हा अवधी त्याच्याकडून हिरावला जातो.

म्हणून बंधुभगिनींनो, आपल्या घरावर असा प्रसंग आला तर आत एकटे जाऊ नका. आधी बाकावर बसलेल्या आपल्या माणसाचा हात हाती घ्या आणि विचारा, "बाबा, आपण दोघे मिळून ऐकू या का?"