काळी दोन

आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, ते लोकांच्या अंगवळणी पडतंय. मी मात्र चर्चच्या पंचांना एवढंच सांगितलं, की मी लग्न करत नाही, कारण माझं मन पुरुषांकडे ओढ घेतं. झालं! वीस वर्षं उपासनेत वाजवलेली पेटी माझ्या हातून गेली. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं मला गुन्हेगारांतून काढलं. पंचांनी पेटीवरून काढलं.

गंमत पाहा. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. १८९५ साली ख्रिस्ती झालेले आमच्या नगरचे रेव्हरंड टिळकही आप्तांना मुकले. त्यांनीच १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठीसुद्धा! वाळीत पडणं आमचं खानदानी. आता टाकायलाही शिकलो.

घर देवाचं. मग पाहुणा कोण, हे मालकानं ठरवायचं की रखवालदारानं?

हल्ली मी शेवटच्या बाकावर बसतो. पेटीवरचा नवा पोरगा अडखळला, की पंच मागे वळून बघतात. नजरेत क्षमा नसते, पण “काळी दोन ना?” एवढा प्रश्न असतो.

मी मान डोलावतो. सूर तरी त्यांना माझ्याकडूनच हवा असतो.