पुढची बैठक

पोहता न येणाऱ्या माणसाला नावेविषयी मत असावं का? हा प्रश्न मला गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी पडला. समोर नवी मोटरबोट, अगदी नाकाशी गुबगुबीत बैठक. आम्ही सहाजण (सहाही बुडणारे!) भराभर निकाल देत होतो. गादी झकास, पेल्याला खाच उत्तम. सौ.चं मत, साडी भिजणार.

डोंग्यातले म्हातारेबुवा तेवढे गप्प.

"तुम्हाला कशी वाटते, बाबाजी?"

"बेस हाये जी. पन समोर लय जन बसले का नाक खुपसते."

"पण देखावा?"

"कायचा देखावा? आमचं गाव त खाली हाये."

धरणाचं भूमिपूजन १९८८ सालचं. मी तेव्हा वर्तमानपत्रात फोटो पाहून मान डोलावली होती. तेही एक मतच.

सौ. म्हणाली, "आपण मागेच बसू."